गोमध्ये लिहिलेला छोटा सर्व्हर: पोर्ट सारखा अडकतो, मोबाईलवर उघडत नाही आणि शोधात ‘दुसऱ्या’ सापडत नाही

पुस्तकपाल_ताई (प्रश्न):

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावात एका सार्वजनिक वाचनालयाचं काम बघते. ११,४०० च्या आसपास पुस्तकं आहेत, दाखल नोंदवही अजून हातानेच लिहितो पण गेल्या दोन वर्षांत मी आणि माझी सहकारी दोघींनी दुपारच्या वेळेत बसून ती सगळी एक्सेलमध्ये चढवली, दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकार, कपाट, खण असे सहा कॉलम. वाचक विचारतात अमुक पुस्तक आहे का, की मी एक्सेल उघडून शोधते, पण संध्याकाळी पाच ते सात गर्दी असते तेव्हा हे जमत नाही. इच्छा एवढीच आहे की वाचकाने वाचनालयाच्या वायफायवर स्वतःच्या मोबाईलमध्ये नाव टाकावं आणि कोणत्या कपाटात कोणत्या खणात आहे ते त्याला दिसावं. बाहेर इंटरनेटवर काहीच टाकायचं नाहीये.

पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत मला गो ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली आणि आम्ही दोघांनी मिळून मेन डॉट गो नावाची दीडशे ओळींची एकच फाईल लिहिली. ती सीएसव्ही (एक्सेलमधून काढलेली साध्या मजकुराची फाईल) वाचते आणि शोधाचं पान दाखवते. जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट. पुतण्याची आता परीक्षा आहे म्हणून त्याला सारखं विचारत नाही. माझ्या अडचणी अशा:

एक, ‘गो रन मेन डॉट गो’ केलं की सर्व्हर छान चालतो. थांबवायला मी कंट्रोल झेड दाबते, प्रॉम्प्ट परत येतो. मग कोडमध्ये काही बदलून परत चालवलं की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ अशी एरर. म्हणून दर वेळी कोडमध्ये पोर्ट, म्हणजे पत्त्यापुढचा दाराचा नंबर, बदलत गेले, ८०८०, ८०८१ असं करत आज ८०८६ वर आलेय. दुसऱ्या दिवशी पीसी चालू केला की ८०८० परत मोकळा असतो. आणि गंमत म्हणजे जुन्या पोर्टचं पान उघडलं तर एरर येतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं.

दोन, पीसीच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकून उघडतं, पण मोबाईलवरून १९२.१६८.१.३७ आणि पुढे पोर्ट टाकला तर साइटपर्यंत पोचताच येत नाही म्हणतो. कोडमध्ये सर्व्हर सुरू करणाऱ्या लिसन-अँड-सर्व्हला ‘लोकलहोस्ट कोलन ८०८०’ दिलंय.

तीन, निकालात दाखल क्रमांकाचा कॉलम रिकामा येतो, बाकी पाचही बरोबर येतात. आणि ‘दुसऱ्या’, ‘कादंबऱ्या’ असे शब्द मी टाकले तर सापडतात, सहकारीने तेच टाकले तर सापडत नाहीत! दोघींच्या स्क्रीनवर शब्द अगदी सारखाच दिसतो.

चार, आमच्याकडे लाईट जाते. आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा असं काही करता येतं का?

लोगो आणि रंगाची फाईल दिसावी म्हणून अख्खं फोल्डर फाईलसर्व्हरला दिलंय, ते बरोबर चाललंय, त्यात अडचण नाही.

टर्मिनलमित्र:

ताई, पहिल्या प्रश्नाचं कारण कंट्रोल झेड. त्याने प्रोग्राम बंद होत नाही, गोठतो. प्रॉम्प्ट परत आला म्हणून संपला असं वाटतं पण तो तसाच मेमरीत आहे आणि ८०८० पोर्ट त्याच्याच ताब्यात आहे. तुम्ही आज ८०८६ पर्यंत आलात म्हणजे मागे सहा सर्व्हर गोठून पडलेत आणि प्रत्येकाने तुमची सगळी पुस्तकं मेमरीत धरून ठेवलीत. पीसी बंद केला की ते सगळे जातात म्हणून सकाळी ८०८० मोकळा मिळतो.

आणि ते गोल फिरणं, ते नीट समजून घ्या कारण पुढे फार उपयोगी पडेल. ब्राउझर पोर्टवर येतो तेव्हा कनेक्शन जोडायचं पहिलं काम तुमचा प्रोग्राम करत नाही, लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, करतो. कर्नलने जोडून रांगेत बसवलं, पण रांगेतून उचलून उत्तर द्यायचं काम ज्याचं तो गोठलाय, म्हणून ब्राउझर वाट बघत बसतो. सर्व्हर खरंच बंद असता तर लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं. म्हणजे लगेच नकार आला तर त्या पोर्टवर कोणी नाही, आणि नुसतं फिरत राहिलं तर एक तर कोणीतरी आहे पण उत्तर देत नाहीये किंवा मध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती कनेक्शन अडवणारा पहारेकरी, डेटाचं पाकीट गिळतोय.

आता करायचं काय. ज्या टर्मिनलमध्ये हे सगळं केलंत तिथे ‘जॉब्स’ लिहून एंटर करा, सगळे ‘स्टॉप्ड’ म्हणून दिसतील. मग ‘एफजी’ लिहा, एक सर्व्हर जागा होऊन पुढे येईल, त्याला कंट्रोल सी मारा. परत एफजी, परत कंट्रोल सी, सगळे संपेपर्यंत. नुसता किल दिला तर गोठलेल्या प्रोसेसला तो लगेच लागू होत नाही, जागा झाल्यावर लागू होतो, म्हणून एफजीचाच रस्ता धरा. यापुढे थांबवायला फक्त कंट्रोल सी.

तरी कधी पोर्ट अडकलाच तर पोर्ट बदलू नका, आधी तिथे कोण बसलंय ते बघा. ‘सुडो एसएस डॅश एलटीएनपी’ अशी कमांड आहे, सगळे ऐकत बसलेले पोर्ट आणि प्रत्येकाच्या शेवटी प्रोसेसचं नाव आणि नंबर येतो. त्यात ‘गो’ हे नाव शोधू नका, सापडणार नाही. गो रन म्हणजे काय तर गो तुमचा प्रोग्राम एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये बिल्ड करतो आणि तो वेगळा प्रोसेस म्हणून चालवतो, तुमच्या बाबतीत त्याचं नाव ‘मेन’ असेल. काही जण गो रनचाच प्रोसेस किल करतात आणि खरा सर्व्हर मागे तसाच राहतो, मीही यात एक आख्खा रविवार घालवलाय.

आणि पोर्ट कोडमध्ये लिहून ठेवू नका. फ्लॅग नावाचं पॅकेज गोबरोबरच येतं, त्याने पत्ता कमांडवरून देता येतो. फक्त दोन गोष्टी, फ्लॅग डॉट पार्स ही ओळ मेनमध्ये सुरुवातीलाच हवी, ती राहिली तर कमांडवर काहीही द्या, सर्व्हर डीफॉल्टच धरतो आणि एरर काही येत नाही. आणि फ्लॅग डॉट स्ट्रिंग पॉइंटर देतं म्हणून वापरताना पुढे चांदणी लावायची.

केबलवाला_रत्नागिरी:

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. ‘लोकलहोस्ट कोलन ८०८०’ लिहिलंत म्हणजे सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकतोय, तो पत्ता त्या मशीनच्या आतल्या आतच असतो, वायफायवरून आलेला माणूस त्या दारापर्यंत पोचतच नाही. लोकलहोस्ट शब्द काढून नुसतं ‘कोलन ८०८०’ ठेवा, म्हणजे सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकेल. वर सांगितलेल्या एसएसमध्येच खात्री करता येते, आत्ता १२७.०.०.१ कोलन ८०८० दिसत असेल, बदलल्यावर चांदणी कोलन ८०८० दिसेल.

त्यानंतरही मोबाईलवर आलं नाही तर या क्रमाने बघा. मिंटचा फायरवॉल चालू आहे का, ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’. बंद असेल तर विषय संपला, चालू असेल तर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ ८०८० स्लॅश टीसीपी’. मग बघा मोबाईल गेस्ट वायफायवर तर नाही ना, बऱ्याच राउटरवर गेस्टवाल्यांना आतली यंत्रं दिसू नयेत अशीच सोय असते, वाचकांसाठी म्हणून मुद्दाम गेस्ट नेटवर्क काढलं असेल तर हेच कारण असणार. आणि मोबाईलमध्ये पत्ता टाकताना आधी एचटीटीपी कोलन दोन स्लॅश पूर्ण लिहा, नाहीतर काही ब्राउझर एचटीटीपीएस धरून बसतात.

अजून एक, तो १९२.१६८.१.३७ पत्ता राउटरने दिलेला आहे, उद्या बदलू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं, तिथे पीसीच्या मॅक ॲड्रेससमोर एक पत्ता कायमचा बांधून टाका.

झटपट_पायथन:

एवढं सगळं कशाला, पायथन तीनमध्ये एक ओळीत सर्व्हर होतो, ‘पायथन३ डॅश एम एचटीटीपी डॉट सर्व्हर ८०८०’. फोल्डरमध्ये जाऊन चालवा, झालं.

टर्मिनलमित्र:

दादा, त्याने फाईली दिसतील, शोध कसा होणार? ताईंना वाचकाने नाव टाकल्यावर कपाट नंबर हवाय. आणि त्या मॉड्यूलच्या अधिकृत कागदपत्रातच लिहिलंय की हे खऱ्या वापरासाठी नाही. एका पीसीवरून दुसऱ्या पीसीवर फाईल द्यायची असेल तर मी रोज तेच वापरतो, पण इथे ताईंनी केलंय तेच बरोबर आहे. ११,४०० ओळी म्हणजे काही एमबीचा मामला, सगळ्या मेमरीत घेऊन वरून खाली शोधल्या तरी वाचकाला उशीर जाणवणार नाही, डेटाबेसचीसुद्धा गरज नाही.

अक्षरशोधक:

ताई तुमचा तिसरा प्रश्न वाचून मी जेवण बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण मराठीत सर्च करणाऱ्या प्रत्येकाला हे भेटतं आणि कोणी नीट सांगत नाही.

आधी सोपं ते. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलं असणार. एक्सेल त्या फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक खूण टाकतं, तिला बॉम म्हणतात, बाइट ऑर्डर मार्क. डोळ्यांना दिसत नाही. गोचं सीएसव्ही वाचणारं पॅकेज ती काढून टाकत नाही, त्यामुळे पहिल्या कॉलमचं नाव तुमच्या दृष्टीने ‘दाखल क्रमांक’ पण प्रोग्रामच्या दृष्टीने ‘खूण अधिक दाखल क्रमांक’. तुम्ही कॉलम नावाने शोधत असणार, नाव जुळत नाही, म्हणून रिकामा. फाईल वाचल्यावर सगळ्यात आधी स्ट्रिंग्ज पॅकेजमधल्या ट्रिमप्रीफिक्सने यू+एफईएफएफ हे अक्षर काढा, मग ती सीएसव्हीवाल्याकडे द्या. पहिल्या कॉलमचं नाव अवतरणचिन्हात असतं तर सरळ एरर आली असती आणि तुम्हाला लवकर सापडलं असतं.

आता ‘दुसऱ्या’. आपला तो र, ऱ्या मधला चंद्रकोरीसारखा, तो यूनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात. एक रीत म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बहुतेक जण पहिली रीत टाइप करतात, काही फोनेटिक कीबोर्ड दुसरी टाकतात. तुम्ही दोघींनी मिळून डेटा भरलाय ना, म्हणजे तुमच्या फाईलमध्येच दोन्ही असणार! तुमचे शब्द तुमच्या ओळींशी जुळतात, त्यांचे त्यांच्या ओळींशी.

त्यावर तिसरीही एक शक्यता आहे, साधा र आणि वेगळं नुक्त्याचं टिंब. ती आणि ऱ यांना यूनिकोड समान मानतं, म्हणून एनएफसी नॉर्मलायझेशन (समान रीतींचं एकच ठरलेलं रूप करणं) केलं की ती ऱ होऊन जाते, गोच्या टेक्स्ट भांडारात नॉर्म नावाचं पॅकेज आहे ते वापरा. पण झेडडब्ल्यूजेवाली रीत एनएफसीने सुटत नाही, ती हाताने बदलायला लागते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ हे तिन्ही एकत्र जिथे येतील तिथे ‘ऱ, हलन्त’ करा, आणि त्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (तसंच न दिसणारं, पण अक्षरं जोडू न देणारं चिन्ह) काढून टाका. उलट केलंत तर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होऊन बसेल आणि मग तो रफार कशानेच जुळणार नाही.

तसंच ‘ॲ’. ‘ॲड’, ‘ॲटम’ मधला. त्यासाठी स्वतंत्र अक्षर यूनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, ५.१ आवृत्तीत, त्याआधी आणि आजही खूप जण अ वर वेगळी चंद्र मात्रा लावून लिहितात. हे दोन्ही एनएफसी एक मानत नाही. म्हणून ‘अ अधिक चंद्र’ दिसला की ‘ॲ’ करा, अशी अजून एक ओळ.

हे सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवा, नाव द्या ‘सरळ’ किंवा काहीही, आणि ते दोन्हीकडे लावा, पुस्तकं मेमरीत घेताना प्रत्येक नावावर आणि वाचकाने टाकलेल्या शब्दावर. दाखवताना मात्र मूळ नाव दाखवा, सरळ केलेलं फक्त जुळवायला. मागे पुढे स्पेस पण छाटा.

तपासायला ब्राउझर लागत नाही, कर्लने (टर्मिनलमधून पान मागवणारी कमांड) करा, पण देवनागरी शब्द सरळ पत्त्यात लिहू नका. ‘कर्ल डॅश जी’ मोठा जी, आणि ‘डॅश डॅश डेटा-यूआरएलएनकोड’ असं देऊन शब्द द्या, तो योग्य तसं रूपांतर करून पाठवतो. गोच्या बाजूला यूआरएल डॉट क्वेरी डॉट गेट ते परत देवनागरी करून देतं, वेगळं काही करायचं नाही.

कुलूपकिल्ली:

बाकी सगळ्यांनी चांगलं सांगितलंय पण ताईंचं शेवटचं वाक्य कोणी वाचलं का? ‘अख्खं फोल्डर फाईलसर्व्हरला दिलंय, त्यात अडचण नाही.’ ताई, सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. गोच्या फाईलसर्व्हरला फोल्डरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल सापडलं नाही तर तो त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींची यादी दाखवतो, आणि कोणत्याही नावावर टिचकी मारली की फाईल उतरते. तुमच्या त्या फोल्डरमध्ये सभासदांची यादी आहे का? नाव, पत्ता, फोन, अनामत रक्कम? आत्ता मोबाईलवर उघडत नव्हतं म्हणून सुरक्षित होतं. लोकलहोस्ट शब्द काढलात त्या क्षणी वायफायवरचा प्रत्येक वाचक ती यादी उघडू शकतो.

म्हणून केबलवाल्यांनी सांगितलेला बदल करण्याच्या आधी हे करा. ‘स्टॅटिक’ नावाचं वेगळं फोल्डर करा, त्यात फक्त लोगो आणि सीएसएस. फाईलसर्व्हरला तेवढंच फोल्डर द्या. पुस्तकांची सीएसव्हीसुद्धा त्यात नको. सभासदांची फाईल तर या पीसीच्या दुसऱ्याच युजरकडे ठेवा.

आणि निकालाच्या पानावर ‘तुम्ही शोधलं: अमुक’ असं दाखवत असाल तर एफप्रिंटएफने सरळ छापू नका, एचटीएमएल-टेम्प्लेट पॅकेजमधून छापा, कोणी नावाच्या जागी कोड टाकला तरी तो अक्षर म्हणूनच छापला जातो.

पुस्तकपाल_ताई:

कुलूपकिल्ली, तुमचे खूप खूप आभार, सभासदांची यादी त्याच फोल्डरमध्ये होती! ६४० सभासदांचे फोन नंबर. वाचल्यावर आधी ते हलवलं, मग बाकीचं सगळं केलं.

जॉब्समध्ये खरंच सहा दिसले, एकेक जागा करून बंद केला. मोबाईलवर उघडलं, फायरवॉल बंदच होता. बॉम काढला आणि दाखल क्रमांक आले. आणि अक्षरशोधक ताई, ते फंक्शन लिहून आधी मोजून बघितलं, माझ्या फाईलमध्ये दुसऱ्या रीतीचे ३१२ शब्द निघाले, सगळे सहकारीच्या हातचे. आता दोघींचे जुळतात. ती दुपारभर एकेक कादंबरी शोधून बघत होती.

नवीन अडचण एक आली. पुतण्याने त्याच्या लॅपटॉपवरून सुधारलेली फाईल पाठवली, त्याच्याकडे चालते. माझ्याकडे बिल्ड होते, एरर नाही, पण शोध दाबलं की परत पहिलंच पान येतं. त्याने हँडलफंकमध्ये (कोणत्या पत्त्याला काय दाखवायचं ते सांगणारी ओळ) ‘गेट, स्पेस, स्लॅश शोध’ असं लिहिलंय, आधी नुसतं ‘स्लॅश शोध’ होतं. गो व्हर्जन विचारलं तर १.१८ म्हणतो, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतलेलं.

टर्मिनलमित्र:

हेच कारण. पत्त्याच्या आधी गेट, पोस्ट असं लिहायची सोय गो १.२२ मध्ये आली, फेब्रुवारी २०२४. तुमचं १.१८ त्या अख्ख्या मजकुराला एक विचित्र होस्टचं नाव समजतं, ते कधीच जुळत नाही, आणि जे कशालाच जुळत नाही ते सगळं नुसत्या ‘स्लॅश’वाल्या हँडलरकडे जातं, म्हणजे तुमचं पहिलं पान. एरर न येता चुकीचं चालणं हा सगळ्यात त्रासदायक प्रकार.

गोच्या अधिकृत साइटवरून नवीन आवृत्तीची टार फाईल घ्या. जुनं मॅनेजरमधून काढा, नवीन यूएसआर-लोकलमध्ये उघडा, पाथमध्ये टाका. आणि प्रोजेक्टची गो आवृत्ती नोंदवणाऱ्या गो डॉट मॉड फाईलमधली ‘गो १.१८’ ही ओळपण बदला, ती जुनी राहिली तर नवीन गोसुद्धा या बाबतीत जुन्यासारखाच वागतो.

नाहीतर पुतण्याकडूनच बिल्ड झालेली फाईल मागवा, तुमच्या पीसीवर गो असायचीही गरज नाही. त्याच्याकडे विंडोज असेल तर जीओओएस ला लिनक्स आणि जीओआर्क ला एएमडी६४ देऊन ‘गो बिल्ड’. त्याच्याकडेही लिनक्स असेल तर सीजीओ-एनेबल्ड शून्य द्यायला सांगा, नाहीतर त्याचं लिनक्स तुमच्याहून नवं असलं तर जीलिबसीची (लिनक्सवरच्या प्रोग्रामांची मूळ लायब्ररी) हवी ती आवृत्ती सापडत नाही अशी तक्रार येऊ शकते.

वीजवाला:

चौथा प्रश्न राहिलाच होता. लाईट आल्यावर दोन गोष्टी व्हायला हव्यात, पीसी स्वतः चालू होणं आणि सर्व्हर स्वतः चालू होणं. पहिली लिनक्सच्या हातात नाही, बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’ किंवा तशा नावाची सेटिंग असते, ती ‘पॉवर ऑन’ करा. बहुतेक डेस्कटॉपमध्ये असते.

दुसऱ्याला सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये असे प्रोग्राम आपोआप सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था. गो रन इथे वापरायचं नाही, ‘गो बिल्ड’ करून झालेली फाईल एका जागी ठेवा. मग ईटीसी-सिस्टमडी-सिस्टम फोल्डरमध्ये ‘वाचनालय डॉट सर्व्हिस’ नावाची छोटी फाईल. त्यात एक्झेकस्टार्टला प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, युजरला एक साधा युजर (रूट नको), रीस्टार्टला ऑलवेज, आणि शेवटी वॉन्टेडबायला मल्टि-युजर डॉट टार्गेट. आणि वर्किंगडिरेक्टरी विसरू नका! ती नाही दिली तर सर्व्हर मुळाच्या स्लॅश फोल्डरमध्ये उभा राहून तुमची सीएसव्ही आणि स्टॅटिक फोल्डर शोधतो आणि सापडत नाही. कोडमध्ये लिहिलेले अर्धे पत्ते प्रोग्राम कुठे ठेवलाय त्यावरून नाही, तो कुठून चालवलाय त्यावरून ठरतात.

मग ‘सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’, आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल एनेबल डॅश डॅश नाऊ वाचनालय’. काही बिघडलं तर ‘जर्नलसीटीएल डॅश यू वाचनालय’ मध्ये सर्व्हरने छापलेलं सगळं वाचता येतं. नवीन पुस्तकं चढवली की ‘रीस्टार्ट’, सीएसव्ही परत वाचली जाईल. पहिल्यांदा करताना एकदा खरंच मेन स्विच बंद करून बघा, पण आधी शटडाऊन करून, डिस्क जुनी आहे.

पुस्तकपाल_ताई:

झालं! काल संध्याकाळी सव्वासहाला लाईट गेली, पावणेसातला आली आणि मी काहीच न करता मोबाईलवर पान उघडलं. राउटरवर पत्ता बांधून घेतला, आता १९२.१६८.१.५०. आता काउंटरवर क्यूआर कोड छापून लावायचाय, वाचकांना पोर्ट नंबर टाइप करायला लावणं बरं दिसत नाही. की पोर्ट ८० वापरावा?

केबलवाला_रत्नागिरी:

क्यूआरमध्ये पोर्टसकट पूर्ण पत्ता घाला, ८०८० च राहू दे. १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत, त्यासाठी प्रोग्रामला सेटकॅपने परवानगी द्यायला लागते आणि परत बिल्ड केलं की नवी फाईल येते, परवानगी जाते. सर्व्हिस फाईलमधूनही देता येते पण तुम्हाला त्याची गरज नाही.

क्यूआरच्या खाली मोठ्या अक्षरात वायफायचं नाव छापा आणि ‘मोबाईल डेटा बंद करा’ असंही लिहा. तुमच्या वायफायवर इंटरनेट नसेल किंवा मध्येच गेलं तर बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात, वर वायफायची खूण दिसत असते तरी, आणि तिथून १९२.१६८ चा पत्ता कधीच सापडत नाही. वाचक म्हणेल तुमचं बंद आहे.

पुस्तकपाल_ताई:

अगदी हेच एका काकांच्या फोनवर आज झालं, मी दहा मिनिटं सर्व्हरच बघत बसले होते. पाटीवर लिहिते. सहकारी म्हणतेय बालविभागाच्या कपाटावर खाली, मुलांच्या उंचीला, दुसरा क्यूआर लावू.